पित्ताची गोळी: किती पैशांत किती गुण?

चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा. खानदेशातल्या कुठल्याही गावच्या मेडिकलवर संध्याकाळी अर्धा तास थांबा. "छातीमा जयजय व्हस, पित्तनी गोयी द्या" (छातीत जळजळ होते, पित्ताची गोळी द्या) म्हणणारं गिऱ्हाईक येतंच येतं. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, गोळ्या कागदी पाकिटात टाकतो, "सकाळी उपाशीपोटी" म्हणतो आणि व्यवहार संपतो. गोळी कोणती, किती दिवस घ्यायची, हेच औषध दुसऱ्या नावाने स्वस्तात मिळतं का, हे ना कोणी विचारतं ना कोणी सांगतं. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडे गेलं तरी चिठ्ठीत ही गोळी असते, ताप आला म्हणून गेलं तरी असते. एकदा घरात शिरली की ती किराण्यासारखी महिन्याच्या यादीत जाऊन बसते.

आपल्याकडे बहुतेक घरांत औषधाचा पैसा थेट खिशातून जातो. म्हणून ॲसिडिटीच्या गोळीचा हिशोब नीट मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं. वैद्यक आणि अर्थशास्त्राची सांगड घालून असा हिशोब करण्याची एक शाखाच आहे. तिला खर्च-परिणामकारकता म्हणतात. गोळीची किंमत काय, एवढंच ती विचारत नाही. उपचाराचा अमुक मार्ग धरला तर वर्षभरात एकूण किती पैसे जातील आणि त्या बदल्यात किती गुण येईल, हे ती विचारते. दोन प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा वेगळी निघतात.

आधी आजार समजून घेऊ. जठरात आम्ल असायलाच हवं, त्याशिवाय अन्न नीट पचत नाही. जठराची आतली त्वचा ते आम्ल सोसू शकते, अन्ननलिकेची सोसू शकत नाही. दोघांच्या मध्ये स्नायूंची एक झडप असते. घास खाली जाताना ती उघडते आणि एरवी मिटलेली राहते. ती सैल पडली, नको तेव्हा उघडू लागली, की आम्ल वर येतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, झोपल्यावर घशाशी येणं, सकाळी तोंड कडू होणं ही सगळी त्याचीच लक्षणं. म्हणजे बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त नसतं, ते चुकीच्या जागी पोचतं. आणि एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आपल्या गोळ्या आम्ल कमी करतात, झडप दुरुस्त करत नाहीत. म्हणूनच गोळी बंद केली की त्रास परत येऊ शकतो, आणि म्हणूनच "किती दिवस?" हा प्रश्न पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा ठरतो.

औषधं मुख्यतः तीन जातीची. विहिरीवरच्या मोटरीचं उदाहरण घेतलं तर फरक चटकन ध्यानात येईल. पाणी वावरात शिरलंय, ते उपसून टाकायचं, हे काम अँटासिडचं: पातळ गुलाबी औषध, चघळायच्या गोळ्या, फसफसणारी पावडर. ती आधीच तयार झालेलं आम्ल मारतात, आराम पाच-दहा मिनिटांत मिळतो आणि थोड्या वेळात संपतो. दुसरी जात मोटरीच्या अनेक बटनांपैकी एक बटन बंद करते. रॅनिटिडीन आणि फॅमोटिडीन ही तिची नावं. मोटर बाकीच्या बटनांवर थोडीफार चालूच राहते. तिसरी जात थेट मोटरच बंद पाडते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल अशी ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्राझोल' येतं ती सगळी औषधं या जातीची. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे जे सूक्ष्म पंप असतात, त्यांना ती कायमची चिकटतात. शरीर नवे पंप तयार करतं तेव्हाच आम्ल पुन्हा वाढतं. त्यामुळे औषध रक्तातून दोन-चार तासांत निघून गेलं तरी परिणाम दिवसभर टिकतो, मात्र पूर्ण जोर यायला तीन ते पाच दिवस लागतात. पहिल्या दिवशी गुण आला नाही म्हणून गोळी बदलून मागणारे इथेच फसतात.

यांतल्या शेवटच्या दोन जातींची ताकद किती? १९९७ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. आम्लामुळे अन्ननलिकेला जखमा झालेल्या रुग्णांना जास्तीत जास्त बारा आठवडे औषध दिलं, तर प्राझोल गटात शंभरातल्या साधारण ८४ जणांच्या जखमा भरल्या, रॅनिटिडीनच्या गटात ५२ जणांच्या. नुसती औषधाविना गोळी दिलेल्यांतसुद्धा २८ जण बरे झाले होते. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शंभरातले अठ्ठावीस जण औषधाविनाच सुधारत असतील, तर "मला अमक्या पावडरने गुण आला" या सांगण्यावर किती विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता खरा हिशोब. किमती मी सोयीसाठी धरल्या आहेत, बरं होण्याचे आकडे वर दिलेलेच.

समजा शंभर रुग्ण आहेत. रॅनिटिडीनच्या जातीचं औषध दिवसाला ३ रुपये, प्राझोल दिवसाला ६ रुपये, उपचार आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस. गुण आला नाही तर रुग्ण पुन्हा तालुक्याला जाणार. डॉक्टरांची फी, एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी मिळून ५०० रुपये धरू. कापूस वेचणीच्या दिवसांत बुडालेला रोज हा औषधाइतकाच खरा खर्च आहे, आणि हिशोबात नेमका तोच विसरला जातो.

पहिला मार्ग: आधी स्वस्त औषध, गुण नाही आला तर प्राझोल. सुरुवातीला शंभर जणांवर १६,८०० रुपये. त्यांतले ४८ जण बरे होत नाहीत. त्यांची दुसरी चक्कर आणि प्राझोलचे आठ आठवडे मिळून प्रत्येकी ८३६, म्हणजे ४०,१२८. एकूण ५६,९२८ रुपये. दुसरा मार्ग: पहिल्या दिवसापासून प्राझोल. शंभर जणांवर ३३,६००. सोळा जण उरतात, त्यांची चक्कर आणि दुप्पट डोस मिळून प्रत्येकी १,१७२, म्हणजे १८,७५२. एकूण ५२,३५२. रोजच्या दराने दुप्पट महाग असलेलं औषध शेवटी साडेचार हजारांनी स्वस्त पडलं, आणि पहिल्याच फेरीत बत्तीस माणसं जास्त बरी झाली. स्वस्तही आणि गुणकारीही, असा मार्ग सापडला की मग वाद उरत नाही.

पण तेच प्राझोल एखाद्या महागड्या नावाने १२ रुपयांना घेतलं तर? बाकी काहीच बदललं नाही असं धरा. आता पहिला मार्ग ७३,०५६ रुपयांत होतो आणि दुसरा ९६,७०४ रुपयांत. उत्तर उलटलं! औषधाचा घटक तोच, रुग्ण तेच, बरं होण्याचं प्रमाण तेच. बदलली ती फक्त पट्टीवरची किंमत. (पहिल्या मार्गात तिसऱ्या फेरीची गरज पडणारे सात-आठ जण उरतात. त्यांचा खर्च मी सोडून दिलाय. तो मिळवला तरी दोन्ही ठिकाणचा निकाल तोच राहतो.)

म्हणून परदेशातल्या अभ्यासाचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून आपल्याकडे लावता येत नाही. नेदरलँड्समध्ये ६६४ रुग्णांवर झालेला एक चांगला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला चढती पायरी दिली: आधी अँटासिड, मग रॅनिटिडीनची जात, मग प्राझोल. दुसऱ्या गटाला तीच औषधं उलट क्रमाने. सहा महिन्यांनी चढत्या पायरीवाल्यांपैकी ७२ टक्के आणि उतरत्या पायरीवाल्यांपैकी ७० टक्के लोकांना समाधानकारक आराम होता, म्हणजे जवळजवळ सारखाच. खर्च मात्र चढत्या पायरीत सरासरी २२८ युरो आणि उतरत्या पायरीत २४५ युरो. म्हणून तिथे चढती पायरी किफायतशीर ठरली. आधीच्या आढाव्याशी हे विसंगत वाटेल, पण तसं नाही. आढाव्यातल्या रुग्णांना अन्ननलिकेत जखमा होत्या. डच अभ्यासातले रुग्ण पोटाच्या वरच्या भागातली साधी तक्रार घेऊन पहिल्यांदाच गावच्या डॉक्टरकडे आले होते. सौम्य त्रासाला सौम्य औषधही पुरतं. ज्याला महिन्यातून दोनदा, शेवभाजीची तर्री जरा जास्त झाली म्हणून जळजळ होते, त्याने थेट प्राझोलचा आठ आठवड्यांचा कोर्स करायची काहीच गरज नाही. चघळायची एखादी अँटासिड गोळी आणि थोडा धीर पुरे.

आपल्याकडच्या किमतींची गोष्ट वेगळी वळली. ओमेप्राझोल स्वीडनमध्ये १९८८ साली बाजारात आलं आणि पुढची बरीच वर्षं जगातल्या सगळ्यात जास्त पैसा मिळवून देणाऱ्या औषधांत गणलं गेलं. स्वस्त औषधापासून सुरुवात करण्याचा आग्रह त्या काळातला आहे, कारण दोन्ही जातींच्या किमतींत तेव्हा जमीन-अस्मानाचं अंतर होतं. पुढे पेटंटची मुदत संपली, भारतात शेकडो कंपन्या ही औषधं बनवू लागल्या आणि अंतर मिटत गेलं. ओमेप्राझोल अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, म्हणून त्याच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा असते. दुसरीकडे रॅनिटिडीनची बाजू लंगडी पडली. २०१९ मध्ये त्यात कर्करोगाशी संबंध जोडला जाणारा एनडीएमए नावाचा घटक सापडू लागला, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, आणि २०२२ च्या आपल्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळलं गेलं. या जातीचं औषध हवंच असेल तर आता फॅमोटिडीन आहे.

मग खानदेशातल्या माणसाने काय धरायचं? आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा जळजळ होत असेल, आंबट पाणी घशाशी येत असेल आणि धोक्याचं कुठलंही लक्षण नसेल (ती लक्षणं पुढे सांगतो), तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वस्तातलं जेनेरिक प्राझोल दिवसातून एकदा, आठ आठवडे. जगभरच्या मार्गदर्शक सूचना साधारण हेच सांगतात. यात दुर्बिणीची तपासणीही वाचते, कारण औषधाला मिळालेला प्रतिसाद हीच अर्धी तपासणी असते. जनऔषधी केंद्रात हीच औषधं नावाजलेल्या ब्रँडच्या मानाने निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात तर १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. पॅंटोप्राझोल भारी की रॅबेप्राझोल भारी, या चर्चेत मी पडणार नाही. योग्य डोस घेतला तर बहुतेक रुग्णांना यांतलं कुठलंही चालतं. फरक पडतो तो नावामागे दिलेल्या पैशांनी.

इथवर सुरुवातीची गोष्ट झाली. खरी गळती पुढे आहे.

अमळनेरला माझी मावशी असते. बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तिच्या गोळ्या असतात. बीपीची, थायरॉइडची आणि एक अर्धी पिवळी कॅप्सूल. एकदा डबा उघडून बसलो आणि विचारलं, "मावशी, ही कधी घेतेस?"

"नाश्ता झाला की. उपाशीपोटी गोळी बाधते ना बेटा."

"आणि कशासाठी घेतेस?"

"गुडघ्याच्या गोळ्या चालू होत्या ना, तेव्हा डॉक्टरांनी दिली होती. पोटाला त्रास नको म्हणून."

गुडघ्याच्या गोळ्या केव्हाच बंद झाल्या होत्या. त्यांच्या सोबतीला आलेली कॅप्सूल मात्र चालूच होती, आणि तीही चुकीच्या वेळी. प्राझोल चालू असलेल्या पंपालाच चिकटतं आणि पंप चालू होतात ते जेवण पोटात गेल्यावर. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, म्हणजे पंप सुरू होतील तेव्हा औषध रक्तात हजर असेल. नाश्त्यानंतर घेतलेल्या गोळीचा बराचसा जोर वाया जातो, पैसे मात्र पूर्ण पडतात. मग गुण येत नाही म्हणून डोस दुप्पट होतो. महागडी गोळी लिहून देण्याआधी "कधी घेता?" एवढं विचारलं तरी कितीतरी घरांचा खर्च वाचेल.

दिवसाला ६ रुपये म्हणजे वर्षाला २,१९० रुपये. तीच गोळी १२ रुपयांची असेल तर ४,३८०. गरज पडेल तेव्हाच, वर्षातून समजा शंभर दिवस घेतली, तर ६ रुपयांच्या दराने ६००. त्रास अधूनमधून होणाऱ्या आणि अन्ननलिकेत जखम नसलेल्या रुग्णांसाठी हा गरजेपुरता मार्ग अभ्यासांमध्ये वारंवार किफायतशीर ठरला आहे. जळजळ सुरू झाली की काही दिवस गोळी घ्यायची, थांबली की बंद करायची. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोज प्राझोल घेणाऱ्या ७१ जणांची गोळी ठरवून उतरवत नेली. वर्षभरानंतर त्यांतले ४१ जण, म्हणजे ५८ टक्के, प्राझोलशिवाय त्रासमुक्त होते. बहुतेकांना हलकं औषध पुरलं आणि ११ जणांना कुठलंच औषध लागलं नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे, पण त्यातली शिकवण आपल्या चिठ्ठ्यांपर्यंत अजून फारशी पोचलेली दिसत नाही.

मग लोक गोळी सोडत का नाहीत? सोडून पाहतात, चार दिवसांत छाती पेटते, आणि "माझा आजार जुनाट आहे" असं धरून पुन्हा सुरू करतात. इथे एक फसवणूक आहे, आणि ती शरीराची आहे. पंप बरेच आठवडे बंद ठेवले की शरीर आम्ल वाढवण्यासाठी जास्त जोर लावू लागतं. गोळी थांबते तेव्हा तो साठलेला जोर एकदम बाहेर पडतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हे तपासायला ॲसिडिटीचा कुठलाही त्रास नसलेले १२० निरोगी स्वयंसेवक घेतले. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं, निम्म्यांना औषधाविना गोळी. मग सगळ्यांचं बंद केलं. पुढच्या काही आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना ॲसिडिटीची लक्षणं झाली, दुसऱ्या गटात १५ टक्के लोकांना. ज्यांना आजारच नव्हता त्यांना औषध सोडताना आजाराची लक्षणं आली!

हे माहीत असलं की सोडणं सोपं जातं. गोळी बंद केल्यावर दोन-चार आठवडे जळजळ वाढू शकते, ती ओसरते. तेवढ्या काळात अँटासिड किंवा अल्जिनेट असलेलं पातळ औषध जवळ ठेवायचं. अल्जिनेट जठरातल्या अन्नावर जाड साय धरतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. डोस हळूहळू कमी करत सोडा किंवा एकदम सोडा, दोन्ही चालतं. मावशीने तिच्या डॉक्टरांना विचारून दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं करत सोडली. मधले काही दिवस तिला जड गेले, पण काय होतंय ते माहीत असल्याने ती घाबरली नाही.

मात्र काही लोकांनी गोळी सोडायची नाही, आणि इथे पैशांकडे बघायचंही नाही. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा दिसल्या असतील, अन्ननलिकेच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल सापडला असेल, अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झाला असेल, किंवा रक्तस्रावाचा धोका असताना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ही गोळी ढाल आहे. एक रक्तस्राव आणि त्यामागचा रुग्णालयाचा खर्च कित्येक वर्षांच्या गोळ्यांपेक्षा मोठा पडतो. त्यांनी मोबाईलवर फिरणाऱ्या भीतीच्या संदेशांकडेही दुर्लक्ष करावं. सतरा हजारांहून जास्त रुग्णांवर पँटोप्राझोल आणि औषधाविना गोळी यांची सुमारे तीन वर्षं तुलना झाली, तिचा निकाल २०१९ साली आला. हाडं मोडणं, किडनीचा आजार, स्मृतिभ्रंश यांपैकी काहीच औषध घेणाऱ्यांत ठळकपणे वाढलेलं आढळलं नाही. आतड्याचे संसर्ग तेवढे थोडे जास्त होते: १.४ टक्के, दुसऱ्या गटात १ टक्का. गरज असेल तर गोळी सुरक्षित आहे. नाहक घेत राहणं मात्र तेवढ्याने योग्य ठरत नाही.

आणखी एक नाहक खर्च: नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' लावलेल्या जोडगोळ्या. त्यांत प्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असतं. ते मळमळ-उलटीचं औषध आहे. नुसत्या जळजळीत त्याचा वेगळा उपयोग फारसा नाही, आणि काही लोकांत ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणून २०१४ मध्ये युरोपने त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता, थोड्या दिवसांसाठी आणि दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम एवढाच ठेवायला सांगितला. आपल्याकडे हीच जोडगोळी पित्ताची म्हणून सर्रास विकली जाते. दुकानात 'साधी, डी नसलेली' मागितली की झालं.

फुकटच्या उपायांबद्दल लोकांना कंटाळा येतो, कारण सगळे तेच सांगतात. पण त्यांतले पुरावा असलेले उपाय मोजकेच आहेत. वाढलेलं वजन कमी करणं. रात्रीचं जेवण आणि आडवं होणं यांत तीन तासांचं अंतर. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करणं. नुसती उशी उंच केली तर पोट मुडपतं आणि उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपणं. तंबाखू सोडणं, कारण तंबाखूने झडप सैल पडते. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ज्यांच्या शेतीपंपाला रात्रपाळीची वीज येते, त्यांना हे तीन तास ऐषाराम वाटतील हे मी जाणतो. रात्री उशिरा घरी येऊन जेवायचं आणि पाठ टेकायची, पुन्हा पहाटे उठायचं. अशांनी निदान एवढं करावं: पोटभर जेवण बांधावर जाण्याआधी, परत आल्यावर हलकं काही. भरीत-कळण्याची भाकरी सोडा असं मात्र मी सांगणार नाही. तिखटाचा त्रास ज्याचा त्याचा वेगळा असतो. ज्याला हिरव्या मिरचीचा ठेचा खरोखर बाधतो त्याला ते कळतंच, बाकीच्यांनी हिवाळ्यातली भरीत पार्टी उगाच चुकवू नये.

धोक्याची लक्षणं सांगायची राहिली. घास अडकणं, गिळताना दुखणं, काही न करता वजन घटणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, किंवा साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यांतलं काहीही असेल तर गोळीवर दिवस ढकलणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे. तिथे दुर्बिणीची तपासणीच हवी, आणि ती धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत होऊ शकते. आणि जळजळीबरोबर घाम फुटला, दम लागला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर सोडा पिऊन ढेकरेची वाट बघू नका. ते हृदय असू शकतं. आधी ईसीजी.

आता बाजारात नवं औषध आलंय, व्होनोप्राझान. जपानमध्ये ते २०१५ पासून आहे, अलीकडे आपल्याकडेही मिळू लागलंय. ते पंपाला वेगळ्या रीतीने रोखतं, पहिल्या दिवसापासून पूर्ण जोर धरतं आणि जेवणाची वेळ सांभाळावी लागत नाही. अन्ननलिकेच्या मोठ्या जखमा भरण्यात ते प्राझोलपेक्षा सरस दिसलं आहे. साध्या जळजळीत तसा ठळक फायदा दिसलेला नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सल्ला दिला तो असा, की किंमत पाहता सरसकट पहिलं औषध म्हणून ते वापरू नये, प्राझोल नीट घेऊनही गुण न आलेल्यांसाठी ठेवावं. आपल्याकडे ते चिठ्ठीत दिसलं तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: माझं प्राझोल योग्य वेळी, पूर्ण आठ आठवडे घेऊन झालं होतं का, आणि हे नवं औषध किती दिवसांनी बंद करायचं?